रविवारची ती एक हिट

बाइया सालादात मला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि माझ्याबद्दल चांगलं बोलणारा शोधायचा तर बोटीत बसून दुसऱ्या गावी जावं लागेल. मी आन्सेल्मो पेगेरो. एकतीस वर्षं मिठागराच्या काट्यावर पोती तोलली, आणि गेली बावीस वर्षं दर हिवाळ्यात आमच्या पेलिकानोस, म्हणजे पाणकोळी, संघाचा अधिकृत गुणलेखक आहे. बेसबॉलच्या गुणलेखकाचं खरं काम एकच. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्याच्या जोरावर, की समोरच्या क्षेत्ररक्षकाने पकडण्यासारखा चेंडू सोडला म्हणून, हे ठरवायचं. पहिलं असेल तर हिट, दुसरं असेल तर चूक. मी बटण दाबतो, फलकावर दिवा लागतो, आणि अर्धं गाव माझ्या आईचा उद्धार करतं. ती बिचारी तीस वर्षांपूर्वी गेली, पण तिची आठवण लोकांनी जिवंत ठेवली आहे.

गेल्या सप्टेंबरात क्लबच्या ऑफिसातली योकास्ता दारात आली. पोरगी हुशार आहे, फक्त चालते भरभर आणि बोलते त्याहून भरभर.

"माएस्त्रो, तुमच्या वह्या हव्यात. स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीवर चित्रं काढतोय आपण. वीस वर्षांतले आठ अविस्मरणीय क्षण. लोकांनीच मतं देऊन निवडलेत."

"लोकांनी? लोकांना काल काय जेवलो ते आठवत नाही."

"म्हणून तर वह्या हव्यात ना! तारखा चुकायला नकोत."

मी कॉफी टाकली आणि वह्या काढल्या. ती यादी वाचू लागली. सतरा वर्षांनी आपण करंडक जिंकलो ती दुपार. आपला कॅचर मुखवटा, पॅड, सगळं अंगावर असताना तसाच समुद्रात घुसला होता, तो मुखवटा अजून सापडलेला नाही. मग, खराखुरा पाणकोळी दुसऱ्या बेसवर येऊन अकरा मिनिटं बसला तो सामना. तेव्हा पंचाने नियमांचं पुस्तक मागवलं होतं आणि पक्ष्याने पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं हसलो. मग योकास्ताचा आवाज एकदम खाली आला.

"आणि... एलादिओचा रविवार."

मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

"सगळ्यात जास्त मतं त्यालाच आहेत, माएस्त्रो. माझ्या हातात नव्हतं."

"चित्राखाली काय लिहिणार?"

तिने कागद पुढे केला. 'एलादिओ मातेओ. एका बटणाने हिरावलेला इतिहास.'

"हे क्लबचे साहेब म्हणाले," ती घाईघाईने म्हणाली. "मला नाही पटलं. बाकी चित्रांखालचा मजकूरही तुमच्याकडूनच लिहून घ्यायचाय, तर हाही तुम्हीच लिहा. फक्त शुक्रवारपर्यंत द्या. रविवारी पडदा ओढायला एलादिओ स्वतः येणार आहेत."

ती गेली. मला राग आला नव्हता, हे सांगितलं तर गावात कोणाला पटणार नाही. मला लाज वाटत होती.

त्या रविवारचं आता सांगतो.

एलादिओ मातेओ, गावात त्याला सगळे डावरा म्हणायचे, आमचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, होता आणि माझा कोंपाद्रे. माझ्या मुलीला, नूरिसला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं, तिचा पाद्रिनो, धर्मपिता तो. आमच्याकडे कोंपाद्रे म्हणजे सख्ख्या भावाच्या वर एक पायरी, कारण भाऊ आपण निवडत नाही. दर रविवारी सामना नसेल तर आमचा डॉमिनोचा डाव ठरलेला असे. एलादिओ अडतीस वर्षांचा झाला होता. अमेरिकेच्या मोठ्या संघात त्याला कधी कोणी बोलावलं नाही. खांदा दुखायचा, हंगाम शेवटचा होता, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी दुपारी अचानक त्याच्या हातात देव येऊन बसला.

एक डाव झाला, दोन झाले, पाच झाले, समोरच्या संघाला एकही हिट नाही. नऊच्या नऊ डाव तसे गेले तर पिचरचं नाव कायमचं कोरलं जातं. आमच्या संघात असं कधीच घडलं नव्हतं. पण असा सामना चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं. कोणी 'आज बहुतेक...' एवढं म्हटलं तरी शेजारचा त्याच्या तोंडावर हात ठेवतो. पिचरशी कोणी बोलत नाही, त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. आणि ज्याने जसं बसून नशीब उघडलं त्याने तसंच बसून राहायचं. माझ्या गुणलेखकाच्या खोलीच्या खिडकीखाली एक जाडे गृहस्थ पाचव्या डावापासून लघवी दाबून एका पायावर उभे होते.

माझंही सहाव्या डावात असंच झालं. पेन्सिल पडली म्हणून टेबलाखाली वाकलो, तेवढ्यात बॅटचा दणकून आवाज आला. मला वाटलं, गेला चेंडू. वर आलो तर तो झेलला गेला होता. सातव्यात मी मुद्दाम बघितलं, तर चेंडू रेषेच्या दोन बोटं बाहेर पडला म्हणून वाचलो. पुढच्याला आवाज होताच टेबलाखाली पाहिलं, तो बाद. झालं! तेव्हापासून बॅटचा आवाज आला की मी मान खाली घालायचो आणि माझ्या डाव्या बुटाकडे बघायचो. गर्दी ओरडली की वर बघायचं. चेंडू कोणी पकडला ते शेजारी बसलेल्या दोन रेडिओवाल्यांच्या बोलण्यातून कळायचं, ते वहीत टिपायचं. मी अधिकृत गुणलेखक. मैदानाकडे बघणं हे एकच काम ज्याला सांगितलं होतं, तो माणूस बुटाकडे बघत होता.

नववा डाव. सत्तावीसपैकी सव्वीस बाद. आणखी एकच बाद हवा होता. बॅटचा आवाज आला. मी बुटाकडे पाहिलं.

गर्दी ओरडली नाही. सहा हजार माणसं एकदम कण्हली. वर पाहिलं तर फलंदाज पहिल्या बेसवर उभा, आमचा शॉर्टस्टॉप, विल्किन नावाचं एकोणीस वर्षांचं पोर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे गुडघ्यांवर, आणि चेंडू त्याच्या मागे गवतात हळूहळू चाललेला. एक रेडिओवाला ओरडला, "हिट!" दुसरा ओरडला, "कसली हिट, चूक आहे!" आणि सगळं मैदान मान वर करून माझ्या खिडकीकडे बघायला लागलं.

टीव्हीवाले रविवारी राजधानीच्या सामन्याला जायचे, त्यामुळे परत बघायला काही नव्हतं. विचारणार कोणाला? अधिकृत गुणलेखकाने शेजाऱ्याला म्हणायचं का, बाबा रे, मी बघत नव्हतो, काय झालं?

मनातून मला चूक हवी होती. चूक दिली असती तर हिट शून्यच राहिली असती, पुढच्या फलंदाजाला बाद केला की एलादिओचं नाव लागलं असतं. मला ते इतकं हवं होतं की बोट त्या बटणावर जाऊन टेकलं होतं. काट्यावर बसणाऱ्याला मात्र एक शिकवलेलं असतं. जे पोतं जड भरावं असं आपल्याला वाटतं, त्याच्यावरचा हात आधी काढायचा. मी हात काढला. हिटचं बटण दाबलं.

पुढचा फलंदाज एलादिओने तीन चेंडूंत बाद केला. सामना आम्ही जिंकलो. कोणी टाळी वाजवली नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "खडा होता. खड्याला लागून चेंडू उडाला. पोराचा दोष नाही." कुठून सुचलं देव जाणे. मैदान राखणाऱ्याने बायबलची शपथ घेतली की माझ्या मैदानात खडा सापडला तर गिळून दाखवीन. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात रोज सकाळी खडे पडू लागले. मुठीएवढेसुद्धा. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो की कोणीतरी म्हणायचं, "माएस्त्रो, तांदळात खडे आहेत का जरा बघून देता? तुमची नजर तेज!" विल्किन पुढे अमेरिकेला गेला, तर लोक म्हणाले, पोराकडून पैसे खाल्ले असणार. पैसे खाल्ले असते तर निदान छप्पर तरी नवं केलं असतं.

ते सगळं मी सोसलं. एलादिओ मात्र त्या दिवसापासून माझ्या दारात आला नाही, ते सोसवलं नाही. शिवी नाही, तक्रार नाही, डॉमिनोला नाही, रस्त्यात दिसलो तर पलीकडच्या बाजूला. नूरिसच्या लग्नात पाद्रिनोची खुर्ची रिकामी राहिली. पुतण्याच्या हातून मिक्सर पाठवला त्याने. मी समजून चुकलो होतो. माझ्यामुळे त्याचं आयुष्यातलं एकुलतं एक मोठं काही गेलं होतं, आणि जे गेलं ते बघायचेसुद्धा कष्ट मी घेतले नव्हते.

गुरुवारी सकाळी नूरिस मांगू घेऊन आली. केळ्यांचा तो लगदा माझ्यापुढे ठेवून ती समोर बसली, योकास्ताचा कागद वाचला, आणि मग मी अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगून टाकलं. ती आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग भडकली.

"अकरा वर्षं, पपा! एका बुटापायी?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून—"

"कसली मूठ! ऊठ आणि पाद्रिनोकडे जा. आजच. रविवारी त्या भिंतीसमोर दोघं तोंडं फिरवून उभे राहणार का?"

"तो मला दारात उभा करणार नाही."

"राग असता तर मिक्सर पाठवला असता त्यांनी? आणि तोही तीन भांड्यांचा?"

बायकांचं हे असतं, त्या भांडी मोजतात आणि त्यातून बरोबर काहीतरी काढतात.

एलादिओ धक्क्याजवळ बोटींच्या मोटारी दुरुस्त करतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. काखेत टेबलफॅन मारून गेलो. तो एका मोटारीवर वाकला होता. केस पांढरे झाले होते, मान अजून तशीच जाड. मला पाहून त्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसले, खूप वेळ पुसत राहिला.

"पंखा बिघडलाय," मी म्हणालो.

त्याने पंखा लावला. पंखा गरगर फिरू लागला.

"चांगला चालतोय की."

"माहितीये मला."

पंखा दोघांमध्ये फिरत राहिला. मग मी एका दमात बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "कोंपाद्रे, खडा नव्हता. मी खोटं बोललो. मी बघतच नव्हतो. नशीब फिरू नये म्हणून टेबलाखाली बुटाकडे बघत होतो. काय झालं ते मला आजही माहीत नाही. अंदाजाने बटण दाबलं मी. तुझा दिवस मी अंदाजाने घालवला."

"बुटाकडे?"

"हो."

"कुठल्या?"

"डाव्या."

तो उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला. मला वाटलं, आता उठून मारतो. मारलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने स्वतःचा उजवा हात पुढे धरला, ग्लोव्हचा हात, आणि त्याच्याकडे बघत बोलू लागला.

"चेंडू माझ्या ग्लोव्हला लागला होता, आन्सेल्मो."

"काय?"

"टोकाला. करंगळीच्या टोकाला, नुसता घासून गेला. सरळ विल्किनकडे चालला होता तो. पोराने झोपेतसुद्धा पकडला असता. पण मला राहवलं नाही. सव्वीस काढले, सत्ताविसावा माझ्याच हाताने हवा होता मला. हात घातला आणि चेंडूची दिशा फिरली. पोरगं एकीकडे झेपावलं, चेंडू दुसरीकडून गेला." त्याने हात खाली घेतला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. हिटच होती ती. स्वच्छ हिट. तू बरोबर होतास."

माझा जो काही तोल गेला! अकरा वर्षांच्या शिव्या मी त्या शेडमध्ये ओतल्या, त्या इथे लिहीत नाही. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, एका पाणकोळ्यालाही दोन शिव्या हासडल्या आणि परत आलो. तो तिथेच बसून होता.

"एक शब्द!" मी म्हणालो. "एक शब्द बोलला असतास तर माझ्या दारात खडे पडायचे थांबले असते!"

"म्हणून तर येता आलं नाही ना तुझ्या दारात." त्याने पाना उचलला, परत ठेवला. "पहिल्या दिवशी बोलायचंच होतं. पण गल्लीत शिरलो तर बायका रडत होत्या, म्हातारे पाठीवर हात ठेवत होते. बिचारा डावरा, लुटला रे याला! अडतीस वर्षांचा होतो, खांदा गेलेला, पुढे काही नाही. बिचारा ही पदवीसुद्धा मोठी वाटली मला. म्हटलं, उद्या सांगू. उद्या सांगू म्हणता म्हणता नूरिसचं लग्न झालं. रस्त्याच्या पलीकडून जायचो, तुला वाटायचं राग आहे. मला वाटायचं तुला कळलंय. तू खिडकीतून सगळं पाहिलंयस, ग्लोव्हसुद्धा, आणि मला सांभाळून घ्यायला खड्याचं खोटं बोललायस. तुझ्या तोंडाकडे कसं बघणार होतो मी?"

मी खाली बसलो, त्याच्या शेजारी, तेल सांडलेल्या फरशीवर. रडलो असं म्हणायला हरकत नाही. तोही रडला. पंख्याने आमची तोंडं वाळवली.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून मजकूर लिहिला. 'एलादिओ मातेओ. नऊ डाव, एक हिट. चेंडू त्याच्याच ग्लोव्हला लागला होता.' योकास्ताने तो तीनदा वाचला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू चालत परत गेली.

रविवारी भिंतीसमोर सगळं गाव लोटलं होतं. पडदा ओढला. चित्रात एलादिओ फारच देखणा काढला होता. लोक मजकूर वाचून कुजबुजू लागले. एलादिओने माइक घेतला आणि जसं मला सांगितलं तसंच सांगितलं, करंगळीच्या टोकापर्यंत. "हिट बरोबर होती," तो म्हणाला. "अकरा वर्षं तुम्ही या माणसाला छळलंत, आणि मी गप्प बसलो. दोष माझा आहे."

मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने हातातली टोपी डोळ्यांना लावली.

"काय मन आहे या माणसाचं!" ती म्हणाली. "मित्राला वाचवायला स्वतःवर घेतोय!"

आणि टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या त्या रविवारी त्याला मिळायला हव्या होत्या. "डावरा! डावरा!" मागून कोणीतरी मला ओरडला, "लाज वाटू द्या, माएस्त्रो! बघा, माणूस असा असतो!"

"अरे लागला होता रे ग्लोव्हला!" एलादिओ माइकमध्ये किंचाळला. "देवाशपथ लागला होता!" तो जितका ओरडत होता तितक्या टाळ्या वाढत होत्या. एका म्हाताऱ्याने पुढे येऊन त्याच्या हाताचं चुंबन घेतलं.

मी त्याच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, माझ्याही वाट्याचं बोलून टाकावं. "लोकहो, एलादिओ खरं सांगतोय. आणि मी त्या चेंडूकडे बघत नव्हतो!"

"ते आम्हाला अकरा वर्षं माहितीये!" सगळं गाव एका सुरात ओरडलं, आणि असा हशा पिकला की भिंत हलते की काय वाटलं. मलाही हसू आवरेना. नूरिस तर आपल्या पोराला कडेवर घेऊन वाकून वाकून हसत होती.

एलादिओ हसला नाही. घरी परतताना तो रस्ताभर धुसफुसत होता, आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

"कोणी मानलं नाही, कोंपाद्रे. एकानेही नाही. तुझं नाव मला धुवून काढायचं होतं."

"उशीर झाला आता त्याला."

"पुढच्या रविवारी परत सांगतो."

"सांग."

"नाही मानलं तर त्याच्या पुढच्या."

"दर रविवारी सांग," मी म्हणालो, आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "मी येईन ऐकायला. अकरा वर्षांचे रविवार वाया घालवलेत आपण."